विद्याधन कोणाचे?

विद्येची वाटणी भावाभावांत होऊ शकत नाही, या आशयाचे एक सुभाषित आमच्या पिढीतील बहुतेकांनी शाळेत पाठ केलेले आहे. त्याच्या सत्यतेविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु विद्येच्या जोरावर जे द्रव्य मिळते त्याची वाटणी होते की नाही, हा प्रश्न निराळा आहे. विज्ञानेश्वरापासून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत सुमारे आठशे वर्षे आपल्याकडील शास्त्रकार, भाष्यकार आणि न्यायाधीश या प्रश्नाशी झुंजत राहिले. त्या वादाचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. वरवर पाहता हा वारसाहक्काच्या कायद्यातील एक कोपरा वाटेल. पण ज्ञान म्हणजे काय, ते कोठून येते आणि एखाद्या गोष्टीचे खरे कारण कशाला म्हणावे, हे ठरविल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

प्रथम एकत्र कुटुंबाच्या पेढीचे स्वरूप ध्यानात घेऊ. मिताक्षरा पद्धतीत मुलग्याला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क प्राप्त होत असे. कुटुंबाचा कारभार कर्त्याच्या हाती असे. मिळकत सामाईक, खर्च सामाईक. थोरला भाऊ गादीवर बसे, मधला उधारीच्या वसुलीसाठी गावोगाव हिंडे, आणि धाकटा बुद्धीने तल्लख निघाला तर त्याला शिकावयास धाडीत. त्याची फी, खाणावळीचे पैसे, पुस्तके हा सारा खर्च त्याच्या नावे न पडता बहुधा घरखर्चात पडे. भावाभावांत हिशेब कसला, ही त्यामागची भावना. या व्यवस्थेचे बळ मोठे होते. भांडवल फुटत नसे, एकाच्या आजारपणात दुसरा उभा राही आणि विधवा व पोरकी मुले वाऱ्यावर पडत नसत. पण कोणी किती मिळविले, कोणामुळे मिळविले, हे नेमके सांगण्याची सोय तिच्यात नव्हती. जोवर घर एकत्र होते तोवर हे अज्ञान सुखाचे होते. वाटणीचा दिवस उजाडला की त्याच अज्ञानातून भांडणे उपजत.

या कायद्याचा पाया ज्याने घातला तो विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास होता. विक्रमादित्याचा राज्यकाल इ. स. १०७६ ते ११२६. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. १९५६ पूर्वी हा भाग हैदराबाद राज्यात होता. तेथे बसून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी टीका लिहिली ती 'मिताक्षरा'. बंगालचा प्रदेश वगळता भारताच्या बहुतेक भागात हिंदूंच्या वारशाचे नियम पुढे तिच्यावरून ठरले. १८१० मध्ये कोलब्रुकने तिच्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि संस्कृत न जाणणाऱ्या न्यायाधीशांच्या हाती ती गेली.

याज्ञवल्क्याचा नियम असा की, वडिलार्जित द्रव्याला झळ न लावता स्वतः मिळविलेले धन, मित्राकडून आलेले, विवाहात मिळालेले आणि विद्येने मिळविलेले धन भावांना द्यावे लागत नाही. आता झळ न लागण्याची अट फक्त पहिल्या प्रकाराला लागू आहे की सर्वांना? विज्ञानेश्वराने ती सर्वांना लावली. त्यामुळे वडिलार्जित द्रव्य खर्चून मिळविलेल्या विद्येची कमाई सामाईक ठरली. एका शब्दाचा अन्वय कसा लावायचा, एवढाच तो प्रश्न होता. पण पुढे कित्येक घरांचे भवितव्य त्या अन्वयावर अवलंबून राहिले.

कात्यायनाने विद्याधनाची व्याख्या अधिक काटेकोर केली आहे. त्याची स्मृती मूळ स्वरूपात उपलब्ध नाही; महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी निरनिराळ्या ग्रंथांतील उताऱ्यांवरून तिचा व्यवहारविषयक भाग जुळवून १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. परक्याचे अन्न खाऊन आणि परक्याकडून विद्या शिकून जे मिळवावे ते विद्याधन, असे कात्यायन म्हणतो. शिष्याकडून मिळालेले, यज्ञातील ऋत्विजाच्या कामाबद्दल मिळालेले, वादात जिंकलेले, इतकेच नव्हे तर संशयित प्रश्नाचा निर्णय दिल्याबद्दल मिळालेले धनही त्याने या सदरात घातले आहे. ज्ञानाचे मोल त्या काळी किती अंगांनी ओळखले जात होते, हे या यादीवरून दिसते.

नारदाचा एक नियम आम्हांला या सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा वाटतो. एक भाऊ विद्या शिकत असताना ज्या दुसऱ्या भावाने त्याच्या बायकामुलांचे पोषण केले, त्याला त्या विद्येच्या कमाईत वाटा मिळावा, मग तो स्वतः अक्षरशत्रू का असेना. दुकान सांभाळणाऱ्या, शेत कसणाऱ्या, घर धरून राहणाऱ्या भावाची दखल घेणारा हा नियम आहे. विद्वानाच्या यशामागे कोणाचे तरी मूक कष्ट असतात, हे सत्य नारदाने व्यवहाराच्या भाषेत नोंदवून ठेवले.

विद्यार्थी गुरुगृही राहून भिक्षान्नावर शिकत असे, तोवर हे नियम फारसे जाचक झाले नसावेत. एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. इंग्रजी शाळा, महाविद्यालये आणि परीक्षा आल्या व त्यांच्याबरोबर फी आली. वकील, डॉक्टर, इंजिनियर, सरकारी अंमलदार असे नवे वर्ग निर्माण झाले. त्यांची कमाई पुष्कळदा घरच्या दुकानाच्या नफ्याहून मोठी असे. मग भाऊ न्यायालयात येऊन विचारू लागले की, याला शिकविले कोणाच्या पैशाने?

१८६४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण एका कलावंतिणीचे होते. तिला नृत्यगायन कुटुंबाच्या खर्चाने शिकविले होते, म्हणून तिच्या मिळकतीत कुटुंबाचा वाटा मानला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने १८८२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध जमनाबाई या खटल्यात यावर एक मर्यादा घातली. ज्या विशिष्ट विद्येतून प्रत्यक्ष कमाई झाली तीच लक्षात घ्यावी. लिहिणे, वाचणे आणि हिशेब यांचे प्राथमिक शिक्षण ही सर्व विद्यांची केवळ पायरी आहे, ती कुटुंबाने चढविली म्हणून पुढची सारी कमाई कुटुंबाची होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. निर्णय व्यवहार्य होता. पण पायरी कोठे संपते आणि विद्या कोठे सुरू होते, हे कोणी सांगावे? मॅट्रिक ही पायरी म्हणावी तर पदवी काय? पदवी पायरी धरली तर वकिलीची परीक्षा काय? ज्ञानाला अशी रेघ नसते. ती न्यायालयाला ओढावी लागत होती आणि न्यायाधीशागणिक थोडी इकडे तिकडे सरकण्याचा संभव होता.

या वादात केवळ भावाभावांचे पैसे गुंतले होते असे मानणे बरोबर होणार नाही. १९३७ च्या कायद्याने हिंदू स्त्रियांना मालमत्तेत काही हक्क मिळेपर्यंत, एकत्र कुटुंबातील पुरुष पुत्रहीन वारला तर सामाईक मालमत्तेतील त्याचा हिस्सा हयात भाऊबंदांकडे जाई आणि विधवेच्या वाट्याला फक्त अन्नवस्त्र येई. तीच मालमत्ता त्याची स्वकष्टार्जित ठरली तर मात्र वारस म्हणून ती विधवेला मिळे. म्हणजे एखाद्या वकिलाने वा अंमलदाराने आयुष्यभर मिळविलेल्या पैशांतून बांधलेल्या घरात त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीने मालकीण म्हणून राहावयाचे की आश्रित म्हणून, हे त्याच्या विद्यार्थिदशेतील फी कोणी भरली होती यावर ठरू शकत होते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या फीचा पुरावा तरी कोठून आणावा? जुन्या वह्या वाळवीने खाल्लेल्या, साक्षीदार निवर्तलेले, आणि जे हयात ते दोहोंपैकी एका बाजूचे. सत्य होते, पण ते जाणण्याचे साधन उरलेले नव्हते.

नव्या सुशिक्षित वर्गाला हे सलत होते. मद्रास प्रांतात भाष्यम अय्यंगार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात याविषयी विधेयक पुढे आणले, पण गव्हर्नरांच्या संमतीअभावी त्याचा कायदा झाला नाही. एकत्र कुटुंब मोडेल, ही विरोधकांची मुख्य भीती होती. १९२१ मध्ये गोकुलचंद विरुद्ध हुकुमचंद नाथमल या पंजाबातून गेलेल्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की, आय. सी. एस. अधिकाऱ्याचे विशेष शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले असेल तर त्याची कमाई एकत्र कुटुंबाची होय. भरतखंडाच्या कारभारातील सर्वोच्च श्रेणीचा नोकरही आपल्या पगाराचा पूर्ण मालक नाही, असा याचा अर्थ झाला. मग मात्र सुधारणेची मागणी जोर धरू लागली.

हे काम तडीस नेले ते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी. त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९३० चा तिसावा कायदा, म्हणजेच हिंदू विद्याधन कायदा, अस्तित्वात आला आणि २५ जुलै १९३० पासून लागू झाला. हेच जयकर पुढे प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीचे सभासद झाले आणि १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. कायदा अगदी छोटा आहे. प्राथमिक असो की तांत्रिक, सर्वसाधारण असो की विशेष, कोणत्याही धंद्यास उपयोगी पडणारे सर्व शिक्षण त्याने 'विद्या' या एकाच संज्ञेखाली आणले. पायरी आणि विद्या यांतील भेद संपला. अशा विद्येच्या योगाने मुख्यत्वे मिळविलेली मालमत्ता ही मिळविणाऱ्याचीच. कुटुंबीयाने शिकविले, सामाईक पैशाने शिकविले, किंवा शिकत असताना त्याचे वा त्याच्या बायकामुलांचे पोषण कुटुंबाने केले, केवळ एवढ्या कारणाने ती सामाईक होणार नाही. यांतील शेवटचे कलम वाचताना नारदाची आठवण होते. ज्या भावाला नारदाने वाटा दिला होता, त्याचाच हक्क १९३० च्या कायद्याने काढून घेतला. कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. एका बाजूला घर धरून राहिलेला भाऊ, दुसऱ्या बाजूला मिळविणाऱ्याची पत्नी व मुले; दोघांचेही म्हणणे न्याय्य होते आणि एकाची निवड करणे भाग होते.

या निवडीमागचे तत्त्व आपल्या नैयायिकांना फार पूर्वी सुचले होते असे आम्हांस वाटते. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननाच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त कारणाची चर्चा आहे. कार्याच्या आधी नियमाने असणारी प्रत्येक गोष्ट कारण नसते. काही गोष्टी 'अन्यथासिद्ध' असतात, म्हणजे आधी असूनही त्या कार्यापुरत्या अनावश्यक असतात. याचे एक उदाहरण म्हणजे कुंभाराचा बाप. बाप नसता तर कुंभार जन्मला नसता आणि कुंभार नसता तर घट झाला नसता, हे खरे. तरीही घटाचे कारण कुंभार. त्याचा बाप नव्हे. बाप हा कुंभाराचे कारण आहे, आणि तेथे त्याचे कारणत्व संपते. मात्र तो बाप स्वतः कुंभार असून त्याने चाकावर हात चालविला असेल, तर त्याने घडविलेल्या घटाचे कारण तो होईल. परंतु ते कुंभार म्हणून, बाप म्हणून नव्हे.

विद्याधनाच्या वादाला हे उदाहरण लावून पाहावे. शिक्षणाचा खर्च करणारे कुटुंब विद्वान घडविते. विद्वान पुढे द्रव्य मिळवितो. १९२१ चा निर्णय कुंभाराच्या बापाला घटाचे कारण मानत होता, तर १९३० च्या कायद्याने त्याला अन्यथासिद्ध ठरविले. तर्कदृष्ट्या कायद्याची बाजू आम्हांला सबळ वाटते. कारणांची साखळी मागे मागे नेत गेलो तर ती कोठेच थांबत नाही. फी भरणाऱ्या भावाबरोबर शिकविणारे मास्तर, खाणावळवाली बाई, शाळा काढणारे संस्थानिक, साऱ्यांचाच वाटा काढावा लागेल.

तरीही प्रश्न पुरता मिटला नाही. तो प्राप्तिकराच्या वाटेने परत आला. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब हा करदात्यांचा वेगळा घटक मानलेला होता. त्यामुळे पक्षांच्या भूमिका उलट झाल्या. आता मिळविणारा आणि त्याचे कुटुंब एकमुखाने म्हणू लागले की, ही त्याची वैयक्तिक कमाई आहे. कारण उत्पन्न दोन ठिकाणी विभागले की कर कमी. सरकार म्हणू लागले की, ही कुटुंबाचीच कमाई आहे.

यांतील दोन खटले आपल्या परिसरातले आहेत. नागपूरच्या शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्स या मुद्रणसंस्थेत धनवटे कुटुंबाचे भांडवल होते आणि कुटुंबाचा कर्ता भागीदार होता. कामाबद्दल त्यास पगार मिळे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ठरविले की, या पगाराचा कुटुंबाने गुंतविलेल्या भांडवलाशी खराखुरा संबंध असल्यामुळे तो कुटुंबाचे उत्पन्न होय. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, इंदूरच्या सर सेठ हुकुमचंद यांच्या घराण्यातील राजकुमारसिंह यांचे प्रकरण निकालात निघाले. राजकुमार मिल्सचे व्यवस्थापकीय संचालक म्हणून त्यांना मिळालेला मोबदला न्यायालयाने त्यांचा वैयक्तिक मानला. मोबदला हा मूलतः कुटुंबाच्या गुंतवणुकीचा परतावा आहे की माणसाने केलेल्या सेवेचे मोल, हे पाहावे, अशी कसोटी तेथे स्पष्ट झाली.

नीट पाहिले तर कुंभाराच्या बापाचाच भेद येथे पुन्हा भेटतो. कुटुंबाच्या पैशाने माणूस घडला असेल तर कमाई माणसाची. कुटुंबाचा पैसाच धंद्यात राबला असेल तर कमाई कुटुंबाची. पण पेढीत किंवा गिरणीत या दोन गोष्टी अनेकदा एकजीव झालेल्या असतात. घराचे नाव, बाजारातील पत, लहानपणापासून गादीशेजारी बसून कानावर पडलेले व्यवहार हे भांडवल म्हणावे की विद्या? दोन्ही खटल्यांचे निकाल भिन्न लागले याचे आम्हांस नवल वाटत नाही. प्रत्येक घराची वस्तुस्थिती निराळी आणि तिचे पूर्ण ज्ञान बाहेरच्यास होणे कठीण.

राज्य शासनाच्या महसूल खात्यात असताना शेतजमिनीच्या वाटणीची बरीच प्रकरणे आमच्यापुढे आली. कागद गटक्रमांकाचे आणि क्षेत्राचे असत, पण बोलणे निराळेच निघे. 'याला शिकवण्यासाठी बैल विकले, आता हा शहरात बंगला बांधून इथल्या शेताचाही अर्धा हिस्सा मागतो,' असे गावी राहिलेला भाऊ म्हणे. शिकलेल्या भावाला कायद्याने जे मिळायचे ते मिळे. दुसऱ्याच्या बोलण्यासाठी अर्जात रकाना नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही जन्मतः समान हक्क मिळाला, तेव्हा तोच सूर नव्या रूपाने कानी येऊ लागला. बहिणीला शिकविले, तोच तिचा वाटा झाला, असे भाऊ म्हणतात. भावाच्या शिक्षणावर झालेला खर्च मात्र त्याच्या वाट्यातून वजा करण्याची सूचना सहसा कोणी करीत नाही. ज्याने १९३० च्या कायद्यामागील तत्त्व मान्य केले, त्याने ते बहिणीच्या बाबतीतही मान्य केले पाहिजे.

या सर्व इतिहासातून आम्ही एक गोष्ट घेतली. मालकी आणि ऋण या दोन भिन्न वस्तू आहेत. स्मृतिकारांना त्या एकाच नियमात बसवावयाच्या होत्या, म्हणून मिळविणारा बांधला गेला. १९३० च्या कायद्याने मालकीचा प्रश्न सोडविला आणि तो योग्य दिशेने सोडविला. एका विधवेचे जरी घर त्याने राखले असेल तरी तो सार्थकी लागला. परंतु ऋणाविषयी तो काहीच बोलत नाही, आणि कायद्याने बोलूही नये. मालकी कोणाची नाही, एवढे सांगितल्याने उपकार झालाच नाही असे ठरत नाही. कुंभाराचा बाप घटाचे कारण नसेल. कुंभाराने बापाला विसरावे, असे मात्र कोणत्याही नैयायिकाने लिहिलेले नाही.

आज अनेक घरांतील मुले परदेशी शिकावयास जातात; कोणी परत येऊन घरचा धंदा नव्या रीतीने चालवितात, कोणी तिकडेच स्थिरावतात. कोणाचे शिक्षण कशातून झाले, त्यासाठी कोणी काय सोडले, हे घरातील वडीलधाऱ्यांनी वाटणीची वेळ येण्यापूर्वीच, सर्वांच्या देखत आणि कोणावर हक्क न सांगता, एकदा मोकळेपणाने सांगून ठेवावे. त्याने कोणाचा हिस्सा वाढणार नाही की कमी होणार नाही. पण जो घर धरून राहिला त्याचे कष्ट खरे होते, एवढे ज्ञान तरी पुढच्या पिढीकडे जाईल. आणि ते सर्वांना सारखे वाटून देता येते.